झेड ड्राइव्हमधली ढोलकी

संघर्षने फोनवर मला एक साधा प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नातच तो सापडला.

"रश्मी, ते झेड म्हंजी काय असतं गं? सी ठावं हाय, डी ठावं हाय. हे झेड कुठनं आलं?"

मी तेव्हा सणसवाडीला कंपनीच्या गेटबाहेर शिरूरच्या बसची वाट बघत उभी होते. स्टोअरमधली शिफ्ट नुकतीच सुटली होती, एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं आणि हायवेवरच्या ट्रकांमुळे नीट ऐकूही येत नव्हतं. पण झेड मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. संघर्षच्या लॅपटॉपवर झेड नावाचा ड्राइव्ह असायचं काही कारणच नव्हतं. आमच्या सगळ्या ओळखीपाळखीत तो एकाच कॉम्प्युटरवर होता आणि तो कॉम्प्युटर शिरूरला आमच्या घरात, आप्पांच्या खाटेशेजारी, आईच्या जुन्या साडीखाली झाकून ठेवलेला होता.

"तुला झेड कुठं दिसलं?" मी विचारलं.

दौंडला त्याचं मोबाईलचं दुकान आहे, तिथला स्पीकर तेवढा वाजत होता.

"आप्पांनी सांगितलं न्हाई व्हय तुला?" तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

माझी बस आली. मी चढले, जागाही मिळाली. कोंढापुरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की माझी काहीतरी चूक होत असेल. रांजणगाव येईपर्यंत समजावणं संपलं.

आप्पा म्हणजे माझे वडील, ज्ञानदेव रणपिसे. शिरूर-दौंड भागात जयंतीला रात्र जागवलेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. त्यांची गायन पार्टी होती. गायक बदलले, पेटीवाले बदलले, पण पार्टी ओळखली जायची ती आप्पांच्या ढोलकीवरून. हंगामात ते पाटसला साखर कारखान्यावर कामाला जायचे आणि उरलेल्या वर्षात ढोलकी. गाणीही स्वतः रचायचे. मुलीला मुलाइतकाच वाटा द्या, असं सांगणारं त्यांचं एक गाणं आहे. ते सुरू झालं की समोर बसलेल्या बाया पदर खोचून उभ्या राहतात. लहानपणी मला वाटायचं ते गाणं माझ्यावरच केलंय.

आई, म्हणजे गिताबाई, पार्टीत कोरसला. आणि संघर्ष हा आप्पांचा शिष्य. दौंडचाच, आप्पांच्या जुन्या मित्राचा मुलगा. लहान होता तेव्हापासून आप्पांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. आमच्या घरात तो जेवलाय, आजारी पडलाय, माझ्याशी भांडलाय. पुढे पार्टीत ऑक्टोपॅड हे विजेवरचं वाद्य आलं तेव्हा त्यावर तोच बसला. माझ्याहून थोडा मोठा, पण मी त्याला कधी दादा म्हटलं नाही आणि त्यानेही कधी अपेक्षा केली नाही.

मग आप्पांची बोटं बधीर व्हायला लागली. मानेत नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी होत जाईल, ऑपरेशनची खात्री नाही. आप्पा घरी येऊन म्हणाले, "चला, सुटलो. आता तळवं सुजायचं न्हाईत." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी मी ठरवलं की हात जायच्या आधी ढोलकी वाचवायची.

माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. कंपनीने जुनी मशिनं काढली तेव्हा आम्हा स्टाफला स्वस्तात दिली, आतलं सगळं पुसून, विंडोज वगैरे काही न ठेवता. मी त्यावर लिनक्स टाकलं. फुकट मिळतं, जुन्या मशिनवरही पळतं, आणि उगाच मधेमधे बोलत नाही म्हणून मला आवडतं. पण संघर्ष जो प्रोग्रॅम वापरायचा तो विंडोजचा. त्यात आपण रेकॉर्ड केलेल्या आवाजांचं आपलं वाद्य बनवता येतं. एकेक थाप वेगळी भरायची, आणि मग रबरी चौकोनांच्या पॅडवर बोट मारलं की ती थाप वाजते. लिनक्सवरही असे प्रोग्रॅम आहेत. तरी मी हट्टाने तोच घेतला. दोघांकडे एकच असलेलं बरं, उद्या संघर्षला काही लागलं तर अडायला नको, असा विचार केला मी. शहाणी ना मी.

विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा तर मधे वाइन नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. हे नाव ऐकून आप्पा खाटेवर उठून बसले. व्यसनमुक्तीवर गाणी करणारा माणूस तो.

"माझ्या घरात वाइन?" ते म्हणाले. "आन् ती बी लेकीनं आणलेली?"

"फुकटची हाय आप्पा, आन् चढत न्हाई."

"मग कशाला आणलीस?" म्हणून ते हसले. नस दबल्यापासून पहिल्यांदा हसले असतील.

मग त्यांनी विचारलं, ही वाइन करते काय. मी सांगितलं की ती एक फोल्डर बनवते आणि त्यात खोटं विंडोज मांडते. खोटा सी ड्राइव्ह, खोटी खिडकी, सगळं. प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत, म्हणून तो बिनधास्त काम करतो. आणि आपला खरा कॉम्प्युटर, ज्यात आपल्या फायली असतात, तो त्याला झेड नावाच्या ड्राइव्हमध्ये दिसतो. खऱ्या विंडोजवर असा झेड आपोआप नसतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी फसवणूकच की."

"चांगल्यासाठी केलेली," मी म्हणाले.

त्या थंडीत, माझ्या प्रत्येक सुट्टीच्या दिवशी सकाळी, आम्ही रेकॉर्डिंग करायचो. खिडकीला गोधडी, पंखा बंद, आईला भांडी घासायला बंदी. आप्पा एक थाप मारायचे आणि विरेपर्यंत श्वास रोखून बसायचे. शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या बाजूची कडक थाप, मऊ थाप, अर्धी थाप. डाव्या बाजूचा घुमारा, मनगट दाबून वर चढवलेला, सोडून खाली आणलेला. बोटं ऐकायची नाहीत तेव्हा ते स्वतःलाच शिव्या द्यायचे आणि परत मारायचे. एका अगदी मऊ थापेत त्यांनी श्वास सोडलेला ऐकू येतो. तो मी काढला नाही.

आवाज भरून झाले आणि खरी डोकेदुखी सुरू झाली. पॅडवर बोट मारलं की ढोलकी उशिरा वाजायची. अगदी किंचित, पण आप्पांना चालत नव्हतं. "ठेका मागं राहतोय," म्हणायचे, "वरातीतल्या म्हाताऱ्यावानी." वाइनमधून आवाज साउंड कार्डापर्यंत पोचायला वेळ लावत होता. कंपनीतून यायचं, जेवायचं आणि त्या मशिनशी भांडायचं, असं माझं कित्येक महिने चाललं. इंटरनेटवरच्या मंचांवर परक्या देशातल्या लोकांना मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारले. एक जोडणी बसली तर दुसरी मोडायची. शेवटी आवाज थेट नेणारी एक जोडणी सापडली, आणि एका सकाळी मी पॅडवर बोट मारलं तर आप्पा ताडकन म्हणाले, "मी वाजवलं काय?"

तोपर्यंत त्यांचा उजवा हात पार गेला होता. मांडीवर नुसता ठेवलेला असायचा.

मग आमचं रोजचंच झालं. सकाळी चहा झाला, की आप्पा म्हणायचे, "लाव गं, ऐकू दे माझी ढोलकी." मी पॅड मांडीवर घ्यायचे आणि वाजवायचे. त्यांनीच शिकवलं मला, खाटेवरून. "दाब, आता सोड. घाई न्हाई. गाणाऱ्याला श्वास घेऊ दी." मला वाजवता यायला लागलं. फार नाही, पण त्यांच्या सगळ्या गाण्यांना साथ करता येईल इतकं. मी कामावर असताना त्यांना ऐकावंसं वाटलं तर म्हणून मी त्यांना पासवर्ड सांगून ठेवला होता आणि डाव्या हाताने माउस धरायला शिकवलं होतं. पासवर्ड आईचं नाव होतं.

यंदाच्या मार्चमध्ये दौंडच्या मंडळाचं आमंत्रण आलं. आप्पांची पार्टी बऱ्याच दिवसांनी बसणार होती आणि आप्पांचा सत्कारही होता. मी भीत भीत विचारलं, ढोलकीवर कोण? आप्पांनी आईसमोर सांगितलं, "कोण म्हंजी? रश्मी बसंल. आपली ढोलकी, आपलं मशीन." मी कंपनीत रजेचा अर्ज टाकला. स्टेजवर नेसायला पांढरी साडी आणली, निळ्या काठाची. कॉम्प्युटर गाडीत कसा न्यायचा, कुठल्या गादीत गुंडाळायचा, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. मला आयुष्यात आणखी काही नको होतं असं नाही, पण त्या दिवसांत तरी नको होतं.

आणि आता संघर्ष मला विचारत होता, झेड म्हणजे काय.

घरी पोचले तेव्हा आप्पा खाटेवर बसून बातम्या बघत होते. मी चप्पल काढली आणि तशीच समोर उभी राहिले.

"आप्पा, संघर्षला फोल्डर कुणी दिलं?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. खोटं बोलले नाहीत, एवढं म्हणेन. "मी दिलं. तू कामावर व्हतीस तवा आलता. म्हणलं, घे पेनड्राइव्हमधी."

"पासवर्ड?"

"मीच टाकला. तूच तर शिकीवलंस."

"आन् दौंडला कोण वाजवणार?"

आता मात्र ते खिडकीकडे बघायला लागले. "बैस तरी," म्हणाले. मी बसले नाही.

"रश्मे, हे बघ. पार्टीची ढोलकी पार्टीच्या माणसाकडं जाती. माझ्या वस्तादानं मला दिली, मी संघर्षला देतो. ही रीत हाय. त्याचा हात बसलेला हाय. तू मशीन लावलंस, लई कष्ट केलंस, मी न्हाई म्हणत न्हाई. पर मशीन लावणं येगळं आन् गादीवर बसणं येगळं."

"तुम्ही आईसमोर म्हणालात, रश्मी बसंल."

"म्हणलो व्हतो." त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "तुझं मन राखायला म्हणलो."

हे वाक्य त्यांनी अगदी मायेने म्हटलं, आणि म्हणूनच ते माझ्या जिव्हारी लागलं. आप्पा ओरडले असते, तुला काही येत नाही म्हणाले असते, तर मी भांडले असते. पण मला रोज सकाळी शिकवणारा माणूस माझं मन राखत होता. दाब, सोड, घाई नाही, हे सगळं लहान मुलीला खेळवतात तसं चाललं होतं. मला वाटत होतं मी पार्टीत चाललेय. त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमसारखंच माझं झालं. कुणीतरी मांडून दिलेल्या खोट्या घरात मी आपलं घर समजून काम करत राहिले.

"मुलीला वाटा द्या म्हणून गाणं कुणी रचलं, आप्पा?" मी विचारलं.

"ते शेताचं, घराचं," ते म्हणाले. "ही इद्या हाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली केली, तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत होतं.

मग चार दिवस घरात बोलणं कामापुरतंच. संघर्षचा फोन येत होता, मी घेत नव्हते. कार्यक्रमाच्या दिवशी मी जाणारच नव्हते. पण आप्पांना गाडीत धरून बसवायला, उतरवायला, पाणी पाजायला माणूस हवं. आई कोरसला बसणार, म्हणजे उरले मी. पांढरी साडी मी कपाटातच ठेवली आणि कंपनीत घालते तोच ड्रेस घातला. न्हावरा, चौफुला, पाटस करत आमची गाडी दौंडला पोचली. वाटेत पाटसला आप्पांनी मान वळवून कारखान्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इथं मळीच्या वासात मी पहिलं गाणं रचलं." नेहमीसारखं मी हूं म्हटलं नाही.

दिवस मावळत होता. वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या, मुलं स्टेजसमोर सतरंजीवर जागा धरत होती. संघर्ष स्टेजवर लॅपटॉपसमोर बसला होता, आणि काहीतरी बिघडलंय हे त्याचा चेहराच सांगत होता. प्रोग्रॅम उघडत होता. आप्पांच्या ढोलकीचं चित्रसुद्धा दिसत होतं, मी मोबाईलवर काढलेलं. पण पॅडवर बोट मारलं की आवाज नाही. स्क्रीनवर चौकटी येत होत्या, एकामागून एक: फाइल सापडत नाही, झेड, होम, रश्मी, आप्पा, शाई. प्रत्येक थापेच्या वाटेवर माझं नाव होतं. त्याने सगळे आवाज नेले होते, पण ते कुठे राहतात हे प्रोग्रॅमला सांगणारा पत्ता माझ्या घरचा होता.

मंडळाचे लोक घाई करायला लागले. समोर माणसं भरत होती. आप्पांना पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं, गळ्यात हार होता. त्यांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं.

"रश्मे, जरा बघ ना काय झालंय. त्या मशीनीतलं तुलाच कळतं."

मला खरंच वाटलं की ते थट्टा करतायत. नव्हते करत. चष्म्याआडून माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते, की क्षणभर मला त्यांची दया आली. मग माझा राग परत आला.

नाही म्हणता आलं असतं. पण तिथे दोन-तीनशे माणसं आप्पांची ढोलकी ऐकायला बसली होती, आणि ती ढोलकी मुकी झाली असती. ती मी वाचवली होती. मला ते बघवलं नसतं.

मी स्टेजवर चढले. संघर्ष बाजूला सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "रश्मी, मी मागितलं नव्हतं गं. आप्पाच म्हणले, घे."

"न्हाई म्हणायला तोंड नव्हतं तुला?"

तो पॅडची वायर नीट करायला लागला.

"चार दिवस फोन करत व्हतास," मी म्हणाले. "झेड काय असतं ते इचारायला. मला काय वाटंल, हे एकदा तरी इचारलंस?"

मी लॅपटॉप ओढून घेतला. काम सोपं होतं. त्याच नावांचे फोल्डर एकात एक करायचे, आवाज त्यात टाकायचे, आणि लॅपटॉपला सांगायचं की या जागेला झेड म्हण. हे दोन प्रकारे करता येतं. एक कायमचं. दुसरं एका ओळीत होतं, पण लॅपटॉप बंद केला की तो झेड विसरून जातो. मी दुसरं केलं. घाई होती हे खरं, पण घाईमुळे केलं असं मी सांगणार नाही. मी ते समजून उमजून केलं.

पॅडवर एकदा बोट मारलं. आप्पांची कडक थाप दोन्ही भोंग्यांतून गेली आणि सतरंजीवरची मुलं गप्प झाली. मी उठले. संघर्ष गादीवर बसला.

तो चांगला वाजवतो. हे मला आवडत नाही, पण तसंच आहे. तिसरं की चौथं गाणं आलं ते वाट्याचं. बाया उठून उभ्या राहिल्या, टाळ्या सुरू झाल्या, आई कोरसमध्ये मान हलवत गात होती, आणि गाण्याच्या मध्ये जिथे ढोलकी एकटी वाजते तिथे ती मऊ थाप आली. त्यात आप्पांचा श्वास आला. आमच्या घरातला, गोधडी लावलेल्या खिडकीतला, थंडीतल्या सकाळचा. भोंग्यातून तो सगळ्या वस्तीने ऐकला आणि कुणालाही कळलं नाही. मी स्टेजच्या मागे जनरेटरशेजारी उभी राहून ऐकत होते. तिथे मी रडले, कारण तिथे आवाज कुणाला ऐकू जात नव्हता.

गाणं संपल्यावर निवेदकाने संघर्षला उभं केलं आणि आप्पांचा वारसदार म्हणून त्याचं नाव पुकारलं. आप्पांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. दोघांचेही डोळे भरले होते. मी त्यांना खुर्चीतून उठवायला गेले तेव्हा आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "मशीन झ्याक चाललं बघ. एकदा बी ठेका मागं न्हाई पडला."

परत येताना आप्पा पुढच्या सीटवर झोपले. आई माझ्याशेजारी बसली होती. पाटसपर्यंत ती बाहेरचे दिवे बघत होती. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मी तीस वर्स गातीय. हँडबिलावर माझं नाव कवा बघितलंस? 'आणि सहकारी.' ते मीच."

"मग तू मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुझं तरी व्हईल असं वाटलं व्हतं," आई म्हणाली. "त्यांना सांगून बघितलं मी. तुला सांगायचा धीर झाला न्हाई." मी हात काढून घेतला नाही, पण तिचं म्हणणं मला पटलंही नाही.

सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठले. चहा केला. कपाचा कान धरून आप्पांना पाजला. ते खुशीत होते. रात्रीचे हार खुंटीला लावलेले होते. कप खाली ठेवला आणि त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "लाव गं, ऐकू दे माझी ढोलकी."

मी कॉम्प्युटरवरची साडी काढली नाही.

"ती दौंडला गेली आप्पा. पार्टीच्या माणसाकडं."

"अगं, हितं बी हाय की."

"हितं मशीन हाय," मी म्हणाले. "मशीन लावणं येगळं."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. संघर्षचाच होता. आप्पांनी डाव्या हाताने कानाला लावला, व्हय, व्हय म्हणत ऐकलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अगं, सकाळी लॅपटॉप चालू केला तर परत आवाज न्हाई म्हणतोय. ते झेड गेलंय म्हणं. एक मिनिट बोल त्याच्याशी."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी चहाचे कप उचलले, मोरीत ठेवले, डब्याची पिशवी घेतली आणि चप्पल घालायला लागले. फोनमधून संघर्षचा बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. थोड्या वेळाने तो थांबला. आता आप्पांची ढोलकी दौंडला वाजत नव्हती आणि शिरूरलाही वाजत नव्हती. ती वाजवू शकणारी मी एकटीच होते आणि मला बसला जायचं होतं.

दाराबाहेर पडले, तर मागून हाक आली. "रश्मे."

मी थांबले. खोटं कशाला बोलू, मी त्याच हाकेची वाट बघत होते. वाटलं, आता ते म्हणतील, चुकलं माझं. किंवा तेही नको, नुसतं म्हणतील, ये, बैस, तू वाजव. मी लगेच चप्पल काढली असती. कंपनीला दांडी मारली असती.

आप्पा खाटेवर पुढे वाकले होते. निर्जीव उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हातात अजून तो फोन होता.

"संध्याकाळी आल्यावर तरी," ते म्हणाले, "त्याचं तेवढं झेड करून देशील ना?"

मी स्टँडच्या दिशेने चालायला लागले.